बुवांनी चाखलेली आमटी

“बुवा, माझ्या आमटीत कमी काय आहे, एवढं तरी सांगाल का?”

गदाधराचा आवाज आज चढलाच. नैवेद्य होऊन गेला होता, पंगत बसत होती, आणि धुंडिराजबुवा वाटी तोंडाला लावून नेहमीसारखे गप्प होते.

घाटाखालच्या या मठाच्या मुदपाकखान्यात आचारी घडत. बुवा ज्याच्या हाती पळी देत, तो दुसऱ्या गावी जाऊन अन्नछत्र सांभाळी. तिथं तो नवे आचारी तयार करी आणि ते आणखी पुढे जात. घाटापासून समुद्रापर्यंत वाटसरू कुठल्याही पंगतीला बसला, तरी पहिल्याच घासाला म्हणे, “बुवांच्या हाताखालचा दिसतोय.”

आज बंदरावरच्या नव्या अन्नछत्राची माणसं आचारी न्यायला आली होती. जेवण झालं की निघणार होती. गदाधराला त्यांच्याबरोबर जायचं होतं. त्याच्यासारखी तयार जीभ मठात दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि ही गोष्ट त्यानं एकूण एक माणसाला सांगूनही ठेवली होती. पळी मात्र काही मिळत नव्हती.

“मीठ कमी आहे?”

बुवा गप्प.

“मग जास्त झालंय?”

बुवांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. शेजारच्या मिठाच्या बरणीत हात घातला, चांगली अर्धी मूठ वाटीत टाकली, बोटानं ढवळली... आणि सगळी आमटी शांतपणे पिऊन टाकली.

कपाळावर साधी आठीसुद्धा नाही. तोंडाला कोरड पडली ती गदाधराच्याच.

“बुवा... तुम्हाला चव...?”

“मोठा ताप आला होता. त्यात गेली. तू मठात आलास त्याच्या फार आधी.”

 समुद्रापर्यंतच्या साऱ्या चुली गदाधराच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. लोक ज्यांचं नाव काढत, ते सारे हात या माणसानं पारखले होते. आणि याला साधं मीठ कळत नव्हतं!

“मग रोज वाटी तोंडाला लावून तुम्ही करत काय होतात?”

“समोरच्याचं तोंड बघत होतो.”

“आणि... माझ्या तोंडावर काय दिसलं?”

“हाच प्रश्न. रोज विचारतोस तो.”



गदाधर वळला. पातेल्यापाशी गेला, थोडी आमटी हातावर घेतली आणि डोळे मिटून चाखली. चिंच जरा चढली होती. त्यानं गुळाचा खडा टाकला, ढवळलं, पुन्हा चाखली. पातेलं उचललं आणि बुवांकडे न बघता पंगतीकडे चालू लागला.

“थांब.”

बुवांनी भिंतीवरची पळी काढून त्याच्या हाती दिली. गदाधराचे डोळे भरून आले. त्यानं पायांवर डोकं ठेवलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

बुवा हसले.

“तिकडे पोरं वाटी घेऊन तुझ्यापुढे येतील, ‘कमी काय’ म्हणून विचारतील. तुझी जीभ अजून शाबूत आहे रे, चटकन सांगून टाकशील... सांभाळ.”