तुळईखालची जमीन

वेत्रपूर नगरावर पुण्यसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका सुताराच्या घरी जन्म घेतला होता. भद्रिक हे त्याचे नाव. न्यायसभेची दारे, चौकटी, आसने यांची डागडुजी तीन पिढ्या त्याच्याच घराण्याकडे होती.

गुन्हेगार लहान की मोठा, हे ठरवण्याची त्या नगरात एक रीत होती. सभेच्या दारावर एक आडवी तुळई होती. आरोपीला तिच्याखाली ताठ उभे करीत. कपाळ तुळईला न लागता जो आत येई तो अजाण. त्याला समज देत आणि फार तर महिनाभर राजाच्या बागेला पाणी घालायला लावत. ज्याचे कपाळ टेकले तो जाणता. त्याला मोठ्या माणसाची शिक्षा, आणि चोरीला मोठ्या माणसाची शिक्षा होती उजवा हात तोडण्याची. वय काय, चोरले काय, कशासाठी चोरले, हे कोणी विचारत नसे. न्यायाधीश दृढमती तर छाती पुढे काढून सांगत, "आमच्या सभेत कोणाची मर्जी चालत नाही. लाकूड कोणाची भीड धरत नाही." लाकडाला भीड नसते हे खरेच. त्याला डोळेही नसतात, हे मात्र दृढमतींनी कधी सांगितले नाही.

एकदा सभेचे दार जमिनीला घासू लागले, म्हणून बोधिसत्त्वाला बोलावणे आले. काम नेहमीचेच होते. दर दोन-तीन वर्षांनी दार घासे, आणि तो खालची कड बोटभर तासून देई. त्याच्या बापानेही तेच केले होते. आत जाताना त्याचे कपाळ तुळईवर आपटले. "वाक जरा," पहारेकरी हसून म्हणाला, "न्यायापुढे सगळेच वाकतात." तरुणपणी याच दारातून आपण ताठ मानेने जात होतो, हे बोधिसत्त्वाला पुसटसे आठवले. पण हातात काम होते. तो बसला आणि वाकसाने कड तासू लागला.

तेवढ्यात एका मुलीला आणले. सामा तिचे नाव, वय अकरा. बाप बुरूड, टोपल्या विणणारा, तापाने अंथरुणाला खिळलेला. राजाच्या राखीव बनातून तिने सुपांसाठी सात वेळू तोडले होते. अंगाने ती उंच होती. पहारेकऱ्याने तिला तुळईखाली उभे केले आणि दरडावले, "ताठ!" ती ताठ झाली. तिचे कपाळ लाकडाला टेकले.

आणि ती हसली. घरी दर वर्षी बाप तिला झोपडीच्या दाराशी उभी करून उंची पाहत असे, आणि वाढली की कौतुक करीत असे. "लागलं!" ती आनंदाने म्हणाली. "काका, बघा, लागलं! मी मोठी झाले."

दृढमतींनी मान हलवली, "जाणती," असे म्हटले आणि हात तोडण्याची आज्ञा आसनावर बसलेल्या राजापुढे मुद्रेसाठी सरकवली. विणणाऱ्याच्या पोरीचा उजवा हात! बाहेर अंगणात माणसे हात तोडायचा ओंडका धुऊ लागली. मुलीला अजून काही समजले नव्हते. ती तुळईवर हात फिरवून पाहत होती.

बोधिसत्त्वाच्या हातातला वाकस थांबला. पायाशी ढलप्यांचा ढीग पडला होता, आणि तो त्याकडे पाहत राहिला. म्हातारपणी माणूस खुजा होतो, उंच होत नाही. मग माझे कपाळ आज का आपटले? दार तर वाढत नाही. मग बापाने आणि मी मिळून ते इतके का तासले?

तो उठला. "महाराज, मुद्रा उमटवू नका. मला एक पहार द्या."

राजाला सुताराच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. बोधिसत्त्वाने तुळईखालची जमीन खणली. मातीचा थर, त्याखाली थर, त्याखाली आणखी थर. वीतभर खोल गेल्यावरही थर संपले नाहीत. दीड वितीवर पहार खणकन वाजली. खाली दगडी फरशी होती आणि तिच्यावर कमळ कोरलेले होते.

"आजोबा सांगत, आरोपीला कमळावर उभे करत," बोधिसत्त्व म्हणाला. "मला वाटे, म्हाताऱ्याचे बोलणे. महाराज, फरशी पायांना गार लागते म्हणून कोणा न्यायाधीशाने तिच्यावर माती टाकून घेतली असेल. दर वर्षी तिच्यावर नवा थर चढला. तुळई होती तिथेच राहिली आणि जमीन वर आली. आधी मोठी माणसे टेकत होती, मग तरुण टेकू लागले, आता पोरे टेकतात. आणि आम्ही दार तासत राहिलो!"

दृढमतींचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "अरे सुतारा, तुझे काम लाकडाशी. जमीन कशीही असो, रीत रीतच असते. आज हिला सोडले, तर आजवर जे हात तोडले त्यांचे काय?"

"तेच विचारतो आहे मी!" बोधिसत्त्वाचा आवाज सभेत घुमला. "त्यांचे काय? कालची चूक उघडी पडू नये म्हणून आज आणखी एक हात तोडायचा?"

त्या वेळी कोपऱ्यातून तिस्सा पुढे आली. सभेची जमीन सारवणारी ती बाई, तिला उजवा हात नव्हता. वीस वर्षांपूर्वी दोन मुठी तांदळासाठी तो गेला होता, आणि वर दर वर्षी तिलाच ही जमीन माती टाकून, चोपून सारवायला लावले होते. ती खड्ड्याशी बसली. डाव्या हाताच्या बोटाने एकेक थर खाली मोजत गेली. ते सगळे तिच्याच हातचे होते. विसाव्याखाली बोट थांबले. "माझ्या वेळी जमीन इथे होती," ती म्हणाली. मग तिने तिथून कमळापर्यंतचे अंतर पाहिले. ते चांगले वीतभर होते. "माझं कपाळ जेमतेम दोन बोटांनी तुळईला लागलं होतं."

तिने बोट कमळावर टेकवले.

"म्हणजे मी लहान होते," तिस्सा म्हणाली.

राजा आसनावरून उतरला. "जमीन खणून फरशी मोकळी करा," तो कसाबसा म्हणाला. "मुलीला सोडा."

"तेवढ्याने भागणार नाही, महाराज. कमळावरही उद्या एखादे उंच पोर टेकेल. उंची मोजायला सुतार पुरतो, त्यासाठी न्यायाधीश कशाला हवा?" असे म्हणून बोधिसत्त्व अंगणात गेला आणि त्याने आपला उजवा हात ओंडक्यावर ठेवला. "तुळई राहणार असेल तर आधी हा घ्या. याने तीस वर्षे दार तासले आणि का म्हणून विचारले नाही. मी तर खरोखर जाणता होतो."

राजाने स्वतः तो हात उचलून घेतला. त्याच दिवशी तुळई उतरवली, ओंडका फोडला. तिस्सेला सभेतून आमरण अन्नवस्त्र मिळाले, आणि पुढे कोणत्याही मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा सांगितली गेली नाही. सामा हात हलवत घरी गेली. सुपे विणून झाली तेव्हा त्यांतले एक तिने सुताराच्या घरी नेऊन दिले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली. बोर चोरले म्हणून एका लहान श्रामणेरीला, शिकाऊ भिक्षुणीला, संघाबाहेर घालवायला निघालेले एक वृद्ध भिक्षू समोर बसले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे दृढमती म्हणजे आजचे हे स्थविर. राजा म्हणजे हा भिक्षू आनंद. सामा म्हणजे ती श्रामणेरी. आणि सुतार मीच होतो."

वृद्ध भिक्षूंनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारले, "भन्ते, आणि तिस्सा?"

"तिचा हात कोणत्याच जन्मी परत आला नाही," शास्ते म्हणाले. "म्हणून शिक्षा सांगण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. यालाच करुणेसह प्रज्ञा म्हणतात."

स्थविर उठले आणि त्या श्रामणेरीला हाक मारायला गेले.