वल्ह्याला लागलेला गूळ

फार जुनी गोष्ट आहे. नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाला सुचलं नव्हतं, तेव्हाची. नदीकाठी एक गाव होतं. तिथले पुरुष नाव चालवत आणि बायका चूल सांभाळत. असं का, हे कुणी विचारलंच तर गावकरी म्हणत, "आम्ही कुठं ठरवलं? लेकरंच ठरवत्यात."

ते वरवर पाहता खरंही होतं. लेकरू वर्षाचं झालं की त्याला पाटावर बसवत आणि पुढ्यात परात ठेवत. परातीत एका बाजूला लाकडाचं छोटं वल्हं, दुसऱ्या बाजूला पळी. लेकरू जे उचलेल, तो देवाचा कौल. मुलगे वल्हं उचलत, मुली पळी उचलत. कौल कधी चुकला नव्हता. गावाला याचा इतका अभिमान, की पाहुण्यांना मुद्दाम बोलावून दाखवत.

परात मांडण्याचं काम गावच्या सुईणीचं. तिला सगळे बयाआजी म्हणत.

एका वर्षी मात्र अघटित घडलं. एकाच दिवशी दोन लेकरांचा कौल होता. सगुणा नावाच्या मुलीनं वल्हं उचललं आणि थेट तोंडात घातलं. भिका नावाच्या मुलानं पळी धरली, ती काही केल्या सोडेना. भिकाचा बाप त्या दिवशी जेवला नाही. पण देवाचा कौल मोडायचा कसा? जरा मोठी झाल्यावर गावानं नाइलाजानं सगुणाला नावेत बसवलं आणि भिकाला चुलीपुढे.

सगुणा नदीवरच वाढली. भोवरा कुठे आहे, खडक कुठे आहे, पाणी चढलं की धार कुठून वळते, हे ती नुसतं बघून सांगे. पलीकडच्या काठावरची माणसं दुसरी नाव सोडून तिच्या नावेसाठी थांबत. उजाडलं की ती घाटावर हजर असे. तिला दुसरं काही नकोच होतं. इकडे भिकाच्या हातची आमटी ज्यानं चाखली, त्याला घरची गोड लागेना. लोक म्हणू लागले, देवाला बरोबर माहीत असतं.

पुढे एकदा घाटावरच एका मुलीचा कौल होता. सगळं गाव जमलं होतं. मुलीनं पळी उचलली आणि किंचाळून रडू लागली. पळीला मुंग्या लागल्या होत्या. आईनं पळी काढून घेतली, मुंग्या झटकल्या आणि बोट लावून चाखून पाहिलं. गूळ होता.

सगळे बयाआजीकडे बघू लागले. म्हातारी गोंधळली.

"गूळ लावल्याबिगर पोरं कुठं हात लावत्यात?" ती म्हणाली. "पोरगी असली की पळीला, पोरगा असला की वल्ह्याला. माझी सासू लावायची, तिची सासू लावायची."

पाटलांनी विचारलं, यात कधी चूक झाली होती का. बयाआजीनं मान खाली घातली. एकदा दोन पराती होत्या, त्यांची अदलाबदल झाली, असं ती हळू आवाजात म्हणाली. काम जाईल या भीतीनं तेव्हा ती बोलली नव्हती.

आता सगळ्यांच्या नजरा सगुणा आणि भिकाकडे वळल्या. पाटील म्हणाले, म्हणजे या दोघांचा कौल खोटा. सगुणानं आजच वल्हं भिकाच्या हाती द्यावं आणि त्याची पळी आपण घ्यावी. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. भिकाचा चेहरा पांढरा पडला, कारण नाव नुसती हलली तरी त्याला मळमळायचं. खुद्द पाटलांनी तरुणपणी भर उन्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात नाव उलटी केली होती. पण त्यांचा कौल वल्ह्याचा, म्हणून कुणी हसलं नव्हतं. मला विचाराल तर हसायला हवं होतं.

सगुणानं वल्हं घट्ट धरलं. हे गेलं तर आपल्यापाशी काय उरेल, ते तिला कळेना.

"माझ्या हाती वल्हं गुळानं आलं, कबूल आहे," ती म्हणाली. "पण पाटीलमामा, तुमच्या हाती कशानं आलं?"

पाटील उत्तर द्यायला गेले. तेवढ्यात परातीभोवती पसरलेल्या मुंग्यांवर त्यांची नजर गेली, आणि त्यांनी मान वळवली. जमलेली माणसंही एकमेकांकडे बघेनात.

पाटलीणबाई मागे बसल्या होत्या. त्या याच गावच्या लेक आणि याच गावच्या सून. चारचौघांत त्या कधी बोलत नसत. त्या उठून बयाआजीपाशी आल्या.

"आजी, माझ्या वेळेला गूळ किती लावला होता?"

म्हातारीला आठवायला वेळ लागला नाही. "तुला लई लावावा लागला, बाई. तू सारखी वल्ह्याकडंच सरकत होतीस. शेवटी वल्हं उचलून बाजूला ठेवलं मी."

लहानपणी नावेच्या आसपास दिसल्या म्हणून किती मार खाल्ला होता, ते पाटलीणबाईंना आठवलं. त्या सरळ पायऱ्या उतरून सगुणाच्या नावेत जाऊन बसल्या. सगुणानंही मागोमाग जाऊन वल्हं त्यांच्या हाती दिलं. नाव जागच्या जागी गोल फिरत राहिली. त्यांचे हात आता त्या कामाला वळत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी वल्हं परत दिलं आणि पदरानं डोळे पुसले.

पाटील पायऱ्या उतरून पाण्यापाशी आले. बायकोला उतरायला त्यांनी हात दिला. मग म्हणाले, "सगुणा, वल्हं तुझ्याकडंच राहू दे."

त्या गावात परात अजून मांडतात, पण आता ती धुऊन पुसून मांडतात. लेकरं वाटेल ते उचलतात. एकानं परातच डोक्यावर घेतली, एकीनं बापाची मिशी धरली. त्यावरून कौल कसला काढायचा, हे गावाला कळत नाही. म्हणून लेकरू मोठं होऊन स्वतः सांगेपर्यंत लोक थांबतात.

बोध एवढाच: बाईचा स्वभाव, पुरुषाचा स्वभाव म्हणून जे सांगितलं जातं, त्याला गूळ कुणी लावला होता ते आधी बघावं.