बंबाची तोटी

एकदा एका गवळ्याची पाडी पायांत वाकू लागली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचे नाव टिकली. आई वितानाच गेलेली, गोठा अंधारा. गुरांच्या वृद्ध वैद्यांनी तिचे गुडघे चाचपले आणि शिष्याला सांगितले, “हाडांत चुना बसत नाही. दूधसंघाचे ड जीवनसत्त्व घातलेले दूध पाज, कोवळ्या उन्हात बांध. बाकी काही नको.” मग शिष्याला गवळ्याच्या घरी ठेवून ते महिनाभर परगावी गेले.

शिष्याला धीर धरवेना. रोज सकाळी तो टिकलीचे पाय न्याहाळी. कालच्यापेक्षा जास्त वाकलेत का? दूध ते दूध, त्याने काय होणार? त्याने ड जीवनसत्त्वाच्या औषधाची बाटली आणली आणि दुधाच्या जोडीला थेंब पाजले. थेंबांचे चमचे झाले. वर चुन्याची भुकटी. विसाव्या दिवशी टिकली ताठ उभी राहिली तेव्हा तो रडलाच, आणि आता औषध थांबवायची त्याला अधिकच भीती वाटू लागली.

वैद्य परतले तेव्हा टिकली मान टाकून पडली होती. चाऱ्याला तोंड लावत नव्हती, नुसते पाणी पीत होती आणि सारखी मुतत होती. वैद्यांनी तिची जीभ पाहिली. गव्हाणीमागची रिकामी बाटली उचलली, आणि शिष्याला म्हणाले, “परसातल्या बंबाची तोटी काढून आण. आतून साफ कर.”

“आत्ता?”

“आत्ता.”

गवळी उसळला. “वैद्यबुवा, पाडी चाललीय माझी! आंघोळ घालून धाडताय का तिला?”

शिष्य तोटी काढून घेऊन आला आणि खिळ्याने खरवडू लागला. आत दगडासारखा पांढरा थर. पाण्याला जेमतेम सुईएवढी वाट.

“हे काय?” वैद्यांनी विचारले.

“चुना. पाण्यातला.”

“वाईट असतो?”

“नाही. हाडांना लागतो की.” बोलता बोलता त्याची नजर वैद्यांच्या हातातल्या बाटलीकडे गेली.

“ते जीवनसत्त्व अन्नातला चुना रक्तात आणते,” वैद्य हळू आवाजात म्हणाले. “दुधात ते होतेच. त्यावर तू थेंब दिलेस, मग चमचे, वर चुना. रक्तात मावेना, तेव्हा तो मूत्रपिंडात बसू लागला, या तोटीत बसला तसा. तू विष दिले नाहीस रे. आधी दिलेले विसरून तेच पुन्हा पुन्हा दिलेस. भीतीला दिलेले आठवत नाही.”

“जगेल?”

“ठाऊक नाही. थेंब, चुना, ते दूध, सगळे बंद. सावलीत ठेव. पेज दे, पाणी मागेल तितके दे.”

“आणखी काही?”

वैद्यांनी रिकामी बाटली त्याच्या हातात दिली. शिष्याने मान खाली घातली.

चार दिवस तो बादली घेऊन टिकलीजवळ बसला. हात काहीतरी द्यायला शिवशिवत. ते त्याने मांडीखाली दाबून धरले. पाचव्या दिवशी तिने गवताची एक काडी ओढली.

पुढे एकदा शेजारगावचा एक जण धापा टाकत आला. “वासरू उठत नाही, काहीतरी जालीम द्या!”

शिष्याने बाटलीला हात लावला नाही. “बसा काका,” तो म्हणाला. “आजवर काय काय दिलंत, ते आधी सांगा.”