प्रार्थनेच्या खोलीचं कुलूप

एका माळावरच्या ख्रिस्ती मंडळीत एकदा असं घडलं, की तिथल्या म्हाताऱ्या पाळकाने सकाळच्या पारी प्रार्थनेच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. दाराशी त्याचाच शिष्य उभा होता, आत जाऊन गुडघे टेकायला आलेला. तहानलेल्याला पाणपोईवरून हाकलणारा माणूस आपण कधी पाहिलाय का? नाही ना? मग जरा नीट ऐका. गोष्ट आपल्यासारख्याच देवभीरू माणसांची आहे, आणि ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिष्याचं नाव शांतवन. वय सव्वीस. चार वर्षं तो पाळकाजवळ राहून शास्त्र शिकत होता, आजाऱ्यांना भेटत होता, रविवारच्या उपासनेत वचन वाचत होता. पुढच्या महिन्यात त्याला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. पोरगा गुणी, नाव ठेवायला जागा नाही. प्रार्थनेला बसला की तासन्‌तास उठायचा नाही. मंडळीतल्या बाया आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

त्याला एक बहीण होती, रिबका. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आक्कानेच त्याला कडेवर वागवलं, दुधात भाकरी कुस्करून भरवली, हात जोडून 'देवबापा, आम्हा सगळ्यांना सांभाळ' म्हणायला शिकवलं. आणि याच आक्काने, तो पंधरा वर्षांचा असताना, एका परधर्मी गाडीवानाचा हात धरला आणि कुणालाही न सांगता घर सोडलं. बापाने हाय खाल्ली. मंडळीच्या पंचांनी बैठक घेऊन तिचं नाव वहीतून कमी केलं. वर्षाच्या आत बाप गेला, आणि जाताना त्याने मुलाकडून शब्द घेतला, "तिचा उंबरा चढायचा नाही." पोराने मान हलवली. त्यानंतर शांतवनच्या तोंडून आक्काचं नाव कुणी ऐकलं नाही.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक कासार वस्तीत बांगड्या भरायला आला. बायांचे हात भरून झाले, तसा पाटी आवरून तो चर्चच्या ओसरीवर आला. म्हातारा पाळकही तिथेच बसला होता.

"शांतवन मास्तर आपणच का?"

"हो. काय काम?"

"नदीपल्याडच्या गावातनं आलोय, आठ कोसांवरनं. तुमच्या आक्कांचा निरोप आहे. छातीचं दुखणं आहे, खोकल्यातनं रक्त पडतंय. नवरा तीन वर्षांमागे वारला, पोरबाळ नाही. म्हणाल्या, शांत्याला सांग, एकदा येऊन जा. काही आणू नको, नुसता ये."

शांत्या! अकरा वर्षांत त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्याच्या पोटात कालवलं. पाय तिथल्या तिथे निघाले असते तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण पायांच्या आधी डोकं चालू लागलं. बापाला दिलेल्या शब्दाचं काय? पंचांच्या कानावर गेलं तर? दीक्षा महिन्यावर आलेली. आणि खरं सांगायचं तर आत एक जुना काटा सलत होता, की जाताना तिने मलासुद्धा सांगितलं नाही. शांतवन म्हणाला, "मी प्रार्थना करतो. देवाची जशी इच्छा असेल तसं करीन."

कासार "बरं" म्हणाला आणि पाटी उचलून निघून गेला. दुसरं काय बोलणार बिचारा? इतक्या पवित्र वाक्याला उलट उत्तर कोण देणार?

त्या मंडळीत एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासना संपली, की पत्र्याच्या एका डब्यातून जो तो एक चिठ्ठी उचलायचा. चिठ्ठीवर शास्त्रातलं एखादं वचन लिहिलेलं असे. देवाने आपल्याला वर्षभरासाठी दिलेली ही शिदोरी, अशी लोकांची श्रद्धा. रीत चांगलीच होती, पण चांगल्या रीतीचं आपण पुढे काय करतो ते ठाऊकच आहे. डबा वर्षभर प्रार्थनेच्या खोलीतल्या फडताळात असे. मुलीला स्थळ आलंय, बैल बदलायचाय, भावकीत बोलावणं आहे, की निघाले डब्याकडे. डोळे मिटायचे, चिठ्ठी काढायची आणि मोकळं व्हायचं. विचार करायला नको आणि जबाबदारीही नको.

त्या खोलीत जाऊन शांतवनने दार उघडंच ठेवून प्रार्थना केली आणि चिठ्ठी काढली. आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याविषयीचं वचन निघालं. तो बराच वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत राहिला. 'हे तर सगळ्यांनाच सांगितलेलं आहे. माझ्यासाठी वेगळं असं यात काय?' असं म्हणून त्याने चिठ्ठी घडी करून परत डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नये, असं काहीसं निघालं. 'आज मन स्थिर नव्हतं, घाईत काढली.' तीही परत गेली. तिसऱ्या दिवशी निघालं ते धीराने देवाची वाट पाहण्याविषयीचं वचन. ही चिठ्ठी मात्र डब्यात गेली नाही. ती त्याने शर्टाच्या वरच्या खिशात जपून ठेवली.

हसू नका. अशी एखादी चिठ्ठी आपल्या खिशात नाही, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

मग शांतवन वाट पाहू लागला. सकाळी दोन तास प्रार्थना, संध्याकाळी दोन तास. एक वेळचं जेवण सोडलं. डोळे खोल गेले. बाया म्हणाल्या, "पाहा गं, देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही." म्हातारा पाळक ओसरीवरून त्याला आत जाताना पाहायचा, बाहेर येताना पाहायचा. काही बोलायचा नाही.

नवव्या दिवशी दुपारी कासार पुन्हा आला. या खेपेला बांगड्यांची पाटीही आणली नव्हती.

"मास्तर, आक्का अजून विचारतायत हो. खाट दाराशी लावून घेतलीय, रस्ता दिसावा म्हणून. कुणाची पावलं वाजली की मान उचलतात. आता मानही उचलवत नाही. चला माझ्यासंगं, दिवस मावळायच्या आत पोचू."

"मला अजून उत्तर मिळालं नाही," शांतवन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ढोंगी नव्हता तो. ढोंगी असता तर सोपं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप!

"बाबा, दार उघडा."

"नाही."

"मला प्रार्थना करायचीय."

"ठाऊक आहे. दहा दिवस बघतोय."

"तुम्ही पाळक आहात! प्रार्थनेला आलेल्या माणसाला अडवता? कुठल्या अधिकाराने?"

"अधिकाराचं मागाहून बघू. आठ कोस वाट आहे, ऊन तापायच्या आत नदी ओलांड. प्रार्थना काय, चालताना कर हवी तेवढी. देव काही या खोलीत कोंडलेला नाही."

"पण देवाने अजून सांगितलं नाही मला..."

"निघ म्हणतो ना!" म्हातारा ओरडला. त्याचा आवाज चिरकला. चार वर्षांत शांतवनने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

तो निघाला, पण संतापाने. पहिले चार कोस तो मनातल्या मनात पंचांपुढे पाळकाची तक्रार मांडत होता. म्हातारा चळलाय, देवाच्या आणि माझ्यामध्ये येतोय. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडच्या काठावर पाय पुसताना त्याला एकदम आठवलं, की लहानपणी नदी ओलांडताना आक्का त्याला खांद्यावर घ्यायची आणि स्वतःचं लुगडं भिजू द्यायची. तिथे त्याचा राग गळून पडला आणि त्या जागी भीती आली. शेवटचा कोस तो पळत गेला.

गावात शिरल्यावर घर विचारावं लागलं नाही. दारासमोर माणसं बसली होती. एक म्हातारी शेजारीण उठून पुढे आली.

"शांत्या का रे तू?"

"हो. आक्का?"

"सकाळीच गेली रे. अंगणात ऊन आलं, तेव्हा."

शांतवन अंगणातच बसला. म्हातारी त्याच्याजवळ टेकली आणि सांगू लागली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "तुमच्यात जाळतात का पुरतात, आम्हाला काय ठावं? ती म्हणाली होती, माझा भाऊ येईल, तो सगळं करील, तवर हात लावू नका. म्हणून थांबलोय. रोज दोन टाइम हात जोडायची बघ. आम्हालासुद्धा पाठ झालंय तिचं. 'देवबापा, माझ्या शांत्याला धाड.' बस, एवढंच. बरं कर, असं कधी मागितलं नाही. काल कासार निघाला तशी हसली. म्हणाली, आता आलाच म्हणून समजा, देव ऐकतो माझं."

खाट दाराशीच होती. रिबकाचं तोंड रस्त्याकडे होतं.

गावातल्या दोन माणसांना बरोबर घेऊन शांतवनने ओढ्याच्या कडेला खड्डा खणला. अंत्यविधीची प्रार्थना त्याला तोंडपाठ होती, पण त्या घडीला एक ओळ आठवेना. शेवटी आक्काने तीन वर्षांच्या शांत्याला शिकवलेली ती चार शब्दांची प्रार्थना तो म्हणाला आणि त्याने मूठभर माती टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला. पाळक कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवरच बसला होता. शांतवनने सगळं सांगितलं. खाट, रस्ता, तिची ती एवढीशी प्रार्थना. मग खिशातली चिठ्ठी काढून पायरीवर ठेवली.

"बाबा, मी दहा दिवस देवाला विचारत होतो. तो का बोलला नाही?"

"बोलला की," पाळक म्हणाला. "पहिल्याच दिवशी कासाराच्या तोंडून बोलला. निरोप ऐकून तुझ्या पोटात तुटलं, तेही त्याचंच बोलणं होतं. डब्यातून दोनदा बोलला, ते तू परत टाकलंस. दार उघडं होतं, मी पाहिलं. अरे बाळा, देवाची इच्छा कळत नाही तेव्हा विचारावं, जरूर विचारावं, जन्मभर विचारावं. पण कळलेली असते आणि पाय उचलत नाही, तेव्हा 'जाऊ का?' म्हणायचं नसतं, 'जायला बळ दे' म्हणायचं असतं. तू विचारतच राहिलास. कारण विचारत बसलेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही, त्याचं स्वतःचं मनसुद्धा नाही. तिकडे ती त्याच देवाजवळ तुला मागत होती. त्याने तिचं ऐकलं. उत्तर पहिल्या दिवशीच निघायला हवं होतं, पण ते या खोलीत गुडघे टेकून बसून राहिलं."

शांतवनने तोंड झाकून घेतलं. मग त्याने मान वर केली. त्याच्या आवाजात पुन्हा धार आली होती.

"एवढं सगळं दिसत होतं, तर कुलूप पहिल्याच दिवशी का नाही लावलंत? कासार पहिल्यांदा आला त्याच दिवशी? ती जिवंत होती, बाबा!"

म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली आणि हातातल्या हातात फिरवत राहिला.

"वहीतून तिचं नाव खोडलं ते याच हाताने," तो म्हणाला. "पंच म्हणाले खोडा, मी खोडलं. आता तुला तिच्याकडे जा म्हणायचं, तर आधी ते खोडलेलं चुकलं म्हणावं लागलं असतं. माझी जीभ उचलेना. तू उठून गेलास की मागून मी रोज याच खोलीत जाऊन बसत होतो. देवाला विचारत होतो, या पोराला बोलू का गप्प बसू? नऊ दिवस विचारलं मी. शास्त्र शिकवून केस पांढरे झाले आणि तरी विचारलं."

शांतवन गुरूच्या शेजारी पायरीवर बसला. ऊन कललं. मग म्हातारा उठला, कुलूप काढून त्याने ते बाहेर भिरकावलं आणि मंडळीची वही आणली. पंचांना न विचारता त्याने मृतांच्या पानावर रिबकाचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'या मंडळीची सभासद.'

पंच रागावले. दीक्षा एक वर्ष पुढे गेली. शांतवनने कारण विचारलं नाही.

पुढे म्हातारा गेला आणि त्या मंडळीचा पाळक शांतवनच झाला. प्रार्थनेच्या खोलीला पुन्हा कधी कुलूप लागलं नाही. पण देवाची इच्छा विचारायला कुणी आला, की शांतवन त्याला दाराशी क्षणभर थांबवी आणि एकच गोष्ट विचारी, "आत अवश्य जा. पण आधी एवढं सांग, कुठे कुणी तुझी वाट बघत बसलंय का?"

पुष्कळ माणसं ते ऐकून दारातूनच माघारी वळत. शांतवन त्यांना थांबवत नसे.