मठाची मोरी

पौषातली सकाळ होती. थंडी अशी, की कोनाड्यातल्या बाटलीत खोबरेल गोठून पांढरं झालं होतं. धुकं अजून अंगणातून हललं नव्हतं.

"कुठं गेला?" रेवणबुवांनी परत विचारलं.

समोर त्यांचा शिष्य विश्वंभर बसला होता. पाठ ताठ, शेजारी गाठोडं बांधून तयार. वरच्या वाडीला नवा मठ झाला होता. तिथली माणसं आज जीप घेऊन त्याला महंत म्हणून न्यायला येणार होती. बुवांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"राग गेला म्हणजे गेला, बुवा. काल भंडाऱ्याला इनामदारांचे जावई भर पंगतीत काय म्हणाले? 'ह्या गोसाव्याला धड आमटी वाढता येत नाही.' सगळी पंगत हसली. मी हात जोडले. एक शब्द बोललो नाही."

"बघितलं मी."

"मग?"

"गेला कुठं, तेवढं सांग. आणि जा खुशाल."

विश्वंभरानं गाठोड्याची गाठ आवळली. गेलेल्या गोष्टीचा पत्ता कोण ठेवतं, असं त्याच्या मनात आलं.

...

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पाणी वाहत उंबऱ्याशी आलं. कालच्या भंडाऱ्याची भांडी रात्री मोरीत घासली होती. आता मोरी काठोकाठ भरलेली, वर तुपाची साय.

"न्हाणीतलं पाणी जातंय का?" बुवांनी विचारलं.

"जातंय."

"ते पुढं ह्याच पाईपात मिळतं. म्हणजे अडलंय ते अलीकडं, हाताच्या अंतरावर. डालडा थिजलाय थंडीनं. कढत पाणी ओत, जरा थांब, आणि तारेच्या आकड्यानं हळूहळू ओढून काढ."

"किती वेळ लागेल?"

"थिजायला रात्र लागली..."

एवढं बोलून बुवा पूजेला बसले.

विश्वंभरानं चूल पेटवली. पाणी तापेना. रस्त्यावर जीपचा आवाज आल्यासारखं वाटलं. मग त्यानं बांबूची लांब कामटी घेतली, टोकाला चिंधीचा बोळा बांधला, आणि पाईपात घालून असा जोर लावला की कपाळाची शीर उठली.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटलं, आणि मोरी गडगड करत रिकामी झाली. कामटी बाहेर आली, बोळा आतच राहिला. राहू दे, म्हणाला.

"गेलं, बुवा!"

बुवांनी घंटा खाली ठेवली. उठून आले, मोरीत एक तांब्या पाणी ओतलं, कान देऊन ऐकलं.

"कुठं गेलं?"

"पुढं गेलं."

"पुढं कोण राहतं?"

विश्वंभरानं भिंतीकडं बघितलं.

मठाच्या भिंतीला भिंत लागून गौराक्काचं घर. तिची मोरी खालच्या अंगाला, आणि पाईप दोघांचा एकच.

"अहो म्हाराज," दारातून हाक आलीच. गौराक्का उभी होती, लुगड्याचा काठ भिजलेला. "आमच्या मोरीतनं तुमची आमटी वर आली की. आम्हाला काल पंगतीला बोलावलं न्हाई, म्हणून घरपोच धाडली का काय?"

बुवा हसले. विश्वंभर हसला नाही. तार घेतली, कढत पाण्याचा हंडा उचलला, आणि तिच्या मागं निघाला.

तिच्या अंगणात शेळी बांधलेली होती. मागच्या पायाला हळदीचं फडकं. विश्वंभरानं तिकडं बघितलं, आणि झटकन मान फिरवून आत शिरला.

...

ह्या खेपेला त्यानं घाई केली नाही. करता येण्यासारखी नव्हतीच. कढत पाणी ओतायचं, थांबायचं, आकडा घालायचा, ओढायचं. थिजल्या तुपाचे गोळे निघाले, काथ्या निघाला, चहाचा चोथा निघाला. सगळ्यात शेवटी चिंधीचा बोळा निघाला. त्याचाच.

बोळा पिळून त्यानं बाजूला ठेवला.

बाहेर जीप येऊन थांबली होती. हॉर्न वाजला. मठाच्या ओट्यावरनं बुवांचा आवाज आला, "जरा दम धरा. त्याचं एक उत्तर राहिलंय."

जीप नंतर रिकामीच परत गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बुवांनी अडवलं, असं लोक म्हणतात. बुवा तर ओट्यावरनं उठलेसुद्धा नव्हते. झालं ते एवढंच.

मोरी वाहती झाली. विश्वंभरानं दोन घागरी ओतून बघितल्या, पाणी कुठं अडलं नाही. हात धुतले, कोपरापर्यंत. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. चेहऱ्यावर सकाळचा ताठा परत थोडा आला होता.

"येतो, गौराक्का. झालं सगळं."

गौराक्का शेळीपाशी बसून तिच्या पायाचं फडकं सोडत होती. तिनं मान वर केली. आवाजात राग नव्हता.

"मोरीचं झालं, म्हाराज. काल पंगत उठल्यावर तुम्ही जाताजाता हिला दगुड मारला, तो पायाला लागलाय. तेवढा बघून जावा."