चार तंबोरे आणि एक कॉट

"…तीन महिने, फार तर चार. तेवढे दिवस ठेवून घ्याल काय, अक्का?"

निलव्वाअक्का सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

"काय काय हाय?"

उद्धव शिरगुप्पेनं यादी सांगितली. चार तंबोरे. दोन बाजाच्या पेट्या. एक दिलरुबा, एक स्वरमंडळ, स्पीकरची दोन खोकी. आणि बंद पडलेल्या एका नाटक कंपनीचा ऑर्गन, पायानं भाता मारायचा, कपाटाएवढा.

अक्कांनी आपल्या खोलीभर नजर फिरवली. मिरजेतल्या एका बोळातली आठ बाय दहाची खोली. त्यात स्टोव्ह, अंथरूण, एक तंबोरा. शिकायला पाचजण आले की ते एकमेकांच्या गुडघ्यावर ताल धरत.

"हितं?"

"तुमच्याशिवाय द्यायचं कुणाच्या हातात? लोकांना वाद्यावर साधी गवसणी घालता येत नाही."

अक्कांनी अडकित्ता खाली ठेवला.

उद्धव हायस्कुलात इतिहास शिकवी. बावीस वर्षं अक्कांकडं गाणं शिकत होता. आवाज बेताचा, पण वाद्यांचा नाद भारी. हौसेला मोल नसतं म्हणतात. उद्धवच्या हौसेला जागाही नव्हती. असे तंबोरे तीन जिल्ह्यांत नाहीत, असं तो येईल त्याला सांगे. येणारा उभ्यानंच ऐके, कारण बसायला जागा नसे.

आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अडीच वाजून गेले होते. चारला त्याची आई दवाखान्यातून घरी यायची होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जमिनीवर निजवायचं नाही, कॉट पाहिजे. आणि सकाळी डबा घेऊन निघताना बायको, पद्मा, दारातच थांबून म्हणाली होती,

"चारला आम्ही खाली येतोय. कॉट मांडलेली नसली तर गाडी तशीच जयसिंगपूरला नेणार, माझ्या भावाकडं. मग आई परत या घरात येणार नाहीत. मीसुद्धा नाही."

पद्मा बोलते ते करते, हे त्याला वीस वर्षांत पुरतं कळलं होतं.

अक्का काठीवर जोर देऊन उठल्या.

"चल. बघू दे."

"बघायला कशाला, अक्का? वेळ…"

त्या चप्पल शोधत होत्या.

उद्धवचं बिऱ्हाड माडीवर होतं, दोन खोल्यांचं. जिना अरुंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अक्का पायरी पायरीवर थांबत चढल्या. वर सज्ज्यात नवी कॉट भिंतीला टेकवून उभी होती, सुतळीनं बांधलेली.

दार अर्धंच उघडलं. मागं स्पीकर होता.

आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका भिंतीला ऑर्गन, दुसऱ्या भिंतीला गवसण्या घातलेले तंबोरे, पेट्यांवर पेट्या. मधून दोन वितींची वाट. उद्धव सवयीनं अंग तिरकं करून पुढं सरकला. अक्काही तशाच सरकल्या.

"ऑर्गन सज्ज्यात ठेवला असता," उद्धव सांगू लागला, "पण दमट हवेनं सूर बसतात. तंबोरे माळ्यावर टाकले तर पत्रा तापून भोपळ्याला चीर जाते. टांगले तर दांडी वाकते. सगळा विचार करून झालाय, अक्का. टेप घेऊन मोजलं मी. आई उंचीनं लहान आहे. कॉट साडेचार फुटांची करून घेतली असती ना, तर काहीच हलवावं लागलं नसतं. पद्मा ऐकेना."

हे बोलताना त्याला स्वतःला काहीच वाटलं नाही. अक्कांनी मात्र त्याच्याकडं नीट पाहिलं.

"आई निजते कुठं?"

"आत. ओट्याजवळ."

"कवापासनं?"

"ऑर्गन आणला तेव्हापासून."

"म्हंजे?"

"…सहा वर्षं."

अक्कांनी मान हलवली. वाड्यातल्या नळाला पाणी आलं होतं, खालून बादल्यांचे आवाज येत होते. उद्धवनं घड्याळ बघितलं. साडेतीन.

"पडली कशी?"

"घसरली."

"कुठं?"

"…इथंच. या वाटेत."

"कशावरनं?"

 उद्धवचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यानं शाळेत सांगितली होती, शेजाऱ्यांना सांगितली होती, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले होते.

"तुमचीच शिकवण, अक्का. पहाटे सज्ज्यातल्या बंबात पाणी तापवायला उठली. मी रात्री रियाज करून हा मोठा तंबोरा आडवा ठेवला होता, वाटेत. अंधारात तिचा पाय नेमका भोपळ्यावर पडणार होता. पण वाद्याला पाय लागू नये ना… तिनं वरच्या वर पाय मागं घेतला. आणि तोल गेला. एवढ्या वयात, अक्का! भोपळ्याला साधा ओरखडा नाही. अशी आई आहे माझी."

अक्कांची नजर तंबोऱ्यांकडं गेली.

"तुम्ही मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा."

"शिकीवलं होतं."

"मी घरात सगळ्यांना शिकवलं."

"हा तोच तंबोरा?"

"हाच."

"गवसणी काढ."

उद्धवनं हळुवार हातांनी गवसणी काढली. भोपळा मधासारखा चमकला. वेळ जात होता, तरी त्याला क्षणभर बरं वाटलं. अक्कांनाही आवडेल, असं त्याला वाटलं. त्यानं तंबोरा वाटेत आडवा ठेवला आणि बाजूला झाला.

अक्का वाकून पाहत राहिल्या. बराच वेळ.

मग त्यांनी काठी ऑर्गनला टेकवून ठेवली. नऊवारीचा काठ जरासा उचलला. आणि उजवा पाय उचलून भोपळ्यावर नेला.

उद्धवला आधी कळेचना. रोज सकाळी तंबोऱ्याला डोकं टेकवल्याशिवाय या बाईनं चहा घेतलेला त्यानं बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

"अक्का!… पाय!"

पाय खाली येतच होता.

त्यानं झेप घेतली. दोन्ही हातांनी तंबोरा ओढून छातीशी घेतला. त्याचा खांदा अक्कांना लागला. काठी जवळ नव्हती. अक्का भिंतीला घासत खाली गेल्या आणि मटकन बसल्या.



बांगडी पिचली होती. मनगटातून बारीक रक्त येत होतं. अक्कांनी पदरानं ते दाबलं आणि वर पाहिलं. उद्धव तंबोरा कवटाळून उभा होता. त्याचा अंगठा भोपळ्यावरून फिरत होता, चीर गेली का ते चाचपत.

"त्या दिवशी आधी काय बघितलंस?"

उद्धवचा अंगठा थांबला.

"आवाज आल्यावर उठून आलास न्हवं? दिवा लावलास. मग?"

उद्धवनं तंबोरा आणखी घट्ट धरला.

"उद्धवा, मी इचारती हाय."

त्याला सांगायचं नव्हतं. हे त्यानं पद्मालाही सांगितलं नव्हतं. पद्मा आतून दाराशी पोचेपर्यंत ते होऊन गेलं होतं. त्यानं दिवा लावला. आई भिंतीशी पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. आणि तो तिला ओलांडून तंबोऱ्याकडं गेला होता. गुडघ्यावर बसून त्यानं भोपळा सगळीकडून चाचपला होता. आईनं ते पाहिलं होतं. पडल्या पडल्या तिनंच विचारलं होतं, "फुटला न्हाई न्हवं रं?"

आणि तो म्हणाला होता, "नाही. काही झालं नाही."

शाळेत सांगताना एवढाच भाग त्यानं गाळला होता. गाळला, हेही त्याला आजवर जाणवलं नव्हतं. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला तंबोऱ्याची दांडी तेवढी होती.

"मी… मी आधी हाच…"

अक्कांनी पुढचं ऐकून घेतलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो तसाच उभा होता, त्या तशाच बसून. त्यानं हलायला हवं होतं, कॉटची सुतळी तरी सोडायला हवी होती, पण पाय उचलेनात.

खाली गाडी थांबली. दार सरकल्याचा आवाज आला. मग पद्माची हाक, कोरडी, मोठ्यानं.

"आलोय आम्ही! वर आणायचं, की जायचं पुढं?"

तिच्या मागून एक बारीक कण्हणं ऐकू आलं. आईचं.

उद्धवनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ऑर्गनवर पेट्या होत्या. पेट्यांवर दिलरुबा होता. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती. तो रडत होता आणि तंबोरा त्याच्या मिठीत होता.

"अक्का… हा कुठं ठेवू?"

"कुठं बी ठेव," अक्का म्हणाल्या. "आईला जिन्यावरनं आणायला दोन हात लागतील."