माफ केलेली वीज

एकदा एका जलाशयाच्या काठी एक वृद्ध गुरुजी राहत असत. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरत आणि ते पाहायला येणारी माणसे गुरुजींच्या माळावर तंबू ठोकून मुक्काम करीत. प्रत्येक तंबूच्या जागेला विजेचा स्वतंत्र मीटर होता. जाताना ज्याने त्याने आपल्या वापराचे पैसे द्यायचे, असा नियम. गुरुजी त्यात नफा घेत नसत, आणि सूटही देत नसत. या दुसऱ्या गोष्टीचे त्यांच्या तरुण शिष्याला मनातून वाईट वाटे.

एके दिवशी एक म्हातारा शिंपी पत्नीसह तेथे आला. त्याची फुप्फुसे थकली होती. उशाशी प्राणवायूचे यंत्र, नाकाला नळी, अशा अवस्थेत तो तंबूच्या दारातून पक्षी पाहत पडून राही. यंत्र विजेवर चाले, अखंड. शिष्याचे मन कळवळले. गुरुजी गावात गेलेले पाहून त्याने बाईंना सांगून टाकले, की तुमच्याकडून विजेचे काही घ्यायचे नाही. बाईंनी हात जोडले. आपल्या हातून आज काही पुण्य घडले, असे शिष्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरू-शिष्य तंबूंजवळून चालले असता गुरुजी शिंप्याच्या दारापाशी थबकले. आत यंत्राची घरघर नव्हती. "वीज गेली का?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पडदा सारला.

शिंप्याचे ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी उडत होती. बाई पदराने वारा घालीत होत्या, आणि यंत्राचे बटण बंद होते. गुरुजींनी झटकन ते चालू केले, नळी नीट बसवली. हळूहळू ओठांवर रंग परतला.

"बंद का केलंत, ताई?"

बाई ओशाळल्या. "यांनीच सांगितलं, थोडा वेळ बंद ठेव म्हणून. या पोरानं पैसे माफ केले. मग दुसऱ्याच्या जिवावर किती जाळायचं? आपल्याला कळायला नको का?"

आपल्या पुण्याचे काय झाले, ते शिष्याला कळले. पण गुरुजींनी पुढे जे केले, त्याने तो अधिकच हादरला. त्यांनी बाहेर जाऊन मीटर पाहिला, आणि बाईंपुढे येऊन म्हणाले, "कालपासूनच्या विजेचे पैसे द्या. पुढचे जाताना घेईन." बाईंनी कमरेची पिशवी सोडली. गुरुजींनी नोटा मोजून घेतल्या, सुटे परत केले.

तशी बाईंची मान वर झाली. त्यांनी यंत्र नवऱ्याच्या आणखी जवळ ओढले. मग विजेच्या किटलीत पाणी ओतून ती लावली आणि म्हणाल्या, "बसा, चहा घेऊन जा."

बाहेर पडल्यावर शिष्याला राहवले नाही. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाकडून पैसे घेणे हा कोणता धर्म, असे त्याने विचारले.

गुरुजी म्हणाले, "तुझं मन चांगलं होतं. पण तू माफ केलंस आणि ती तुझ्या घरची पाहुणी झाली. भिडस्त पाहुणा पुन्हा वाढायला मागत नाही, अर्धपोटी उठतो. त्या माणसानं श्वासच अर्धपोटी घेतला. आता वीज तिची आहे. पाहिलंस ना, तिनं आपल्यालाच चहा पाजला."

"आणि तिच्याजवळ पैसे नसते तर?"

"तर आपली फाटकी पांघरुणं शिंप्याकडून बसल्या जागी शिवून घेतली असती. पण तिच्या मानेवर उपकार ठेवला नसता."

तिसऱ्या दिवशी ते दांपत्य निघाले, तेव्हा उरलेला हिशेब शिष्यानेच केला. बाईंनी पुढे केलेले पैसे त्याने दोन्ही हातांनी, मान लववून घेतले.

कुणाला काही माफ करताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो आहोत, तेही एकदा पाहावे.